बघितलं, आता बोला



घरात सिनेमा संपला, की मतं सुरू होतात.
कुणी म्हणतं, भारी!
कुणी म्हणतं, रटाळ.
पण का? ते सांगायचं राहून जातं.

यावर एक गोष्ट ऐका. सिनेमा काढणारे दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे.
१९११ साली गिरगावात ते थोरल्या मुलाला घेऊन चित्रपट बघायला गेले.
पडद्यावर जनावरं चालत होती.
पोरानं घरी येऊन आईला सांगितलं.
घरात कुणाचाच विश्वास बसेना!

दादासाहेबांनी वाद घातला नाही.
दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चित्रपटाला नेलं.
ईस्टरचे दिवस होते. पडद्यावर येशू ख्रिस्त होता.
दादासाहेबांच्या डोळ्यांपुढे मात्र राम आणि कृष्ण उभे राहिले.

पुढे स्वतःचा चित्रपट काढायला पैसा हवा होता.
त्यांनी कुंडीत वाटाणा लावला.
रोपाची वाढ कॅमेऱ्यानं थोडी थोडी टिपली.
ती छोटी फिल्म ओळखीच्यांना दाखवली.
नुसत्या बोलण्यावर कोण पैसे देतो, सांगा?
बघितल्यावर काहींना पटलं.
पत्नी सरस्वतीबाईंनी दागिनेही दिले.
१९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

नुसतं बोलणं पटत नाही, दाखवावं लागतं. म्हणून मंडळी, मत सांगा, पण कारणासकट.
आवडलं? कोणता प्रसंग?
नाही आवडलं? कुठे कंटाळा आला?
आणि शेवट फोडू नका. तो गुन्हाच!

पुन्हा सांगते, मत सांगा, पण कारणासकट.
आज रात्री मालिका संपली, की टीव्ही बंद करा.
आजीला आधी विचारा.
तिचं मत सहसा कुणी विचारत नाही.