चिल्लर टाकून सुटता येणार नाही

(खापा येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



तुम्ही मला कविता वाचायला बोलावलं. आज कविता वाचणार नाही. भीक मागणाऱ्या पोरावर कविता वाचली की टाळ्या पडतात आणि पोर तिथंच राहतं. मी गोदीत माल उतरवणारा माणूस, मॅट्रिकपर्यंत शिकलेला. ओझं जागेवरून हललं की नाही, एवढाच हिशेब आम्हाला कळतो. आज बोलायचं ते त्याच हिशेबानं.

नागपुरात सीताबर्डीच्या सिग्नलला गाडी थांबते. तुमच्या भाषेत सांगायचं तर सहा-सात वर्षांचं पोट्टं काचेवर टकटक करतं. कडेवर आणखी एक बारकं. आतला माणूस दोनच गोष्टी करतो. एक तर पाच रुपये टाकतो, नाहीतर 'हाड्' म्हणतो. पैसे टाकणारा स्वतःला दयाळू समजतो, हाकलणारा स्वतःला व्यवहारी समजतो. दिवा हिरवा झाला की दोघंही सुटले. मी म्हणतो, दोघांनी एकच काम केलं. पोराला तिथंच ठेवलं.

भीक आपल्याला परकी नाही, हे आधी कबूल करू. आपल्या आज्या-पणज्यांनी गावकी राबायची, मेलेलं ढोर ओढायचं, आणि मोबदला काय? तर दारोदार हिंडून भाकरी मागायची. वर त्याला हक्क म्हणायचं! दया पवारांच्या 'बलुतं'नं १९७८ साली हे सगळं चव्हाट्यावर मांडलं. त्याच्याही अर्धशतक आधी, १९२७ च्या मार्चमध्ये, महाडला बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेल्या ढोराचं मांस सोडा, उष्टं-शिळं सोडा, माणसासारखं जगा. त्यांनी गावाकडं जरा ताजी भाकरी मागितली नाही. हात पसरण्याची सवयच मोडा म्हणाले. आणि नुसतं 'सोडा' म्हणून थांबले नाहीत. वसतिगृहं काढली, १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. टोपली हातातून काढली तर त्या हातात पाटी द्यावी लागते, हे त्या माणसाला ठाऊक होतं.

मग आज सिग्नलवर कोण उभं आहे? बरीच पोरं पारध्यांची, भटक्यांची, गाव सोडून आलेल्या भूमिहीनांची. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, पण ठाण्याच्या डोक्यातून गेला नाही. गावात चोरी झाली की पहिली लाथ पारध्याच्या पालावर. ज्याला शेत नाही, दाखला नाही, काम द्यायला कुणी तयार नाही, त्याच्या पोरानं काय करावं?

आणि इथं मला आपल्याशी भांडायचं आहे. आपल्यातलाही शिकलेला, नोकरीला लागलेला पोरगा म्हणतो, "ते आपले नाहीत रे, त्यांचा तो धंदाच आहे." दोस्ता, हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? हेच वाक्य पाटलाच्या ओसरीवर आपल्या आजोबाबद्दल बोललं जायचं. ते तोंडात घेऊन जयभीम म्हणता येत नाही.

सरकारचं काय? १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आहे. त्यात गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून पैसे मागणं हीसुद्धा भीक. म्हणजे भटक्यांची अख्खी कला गुन्ह्यात जमा. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कोंडायची तरतूद. २०१८ साली दिल्लीच्या हायकोर्टानं दिल्लीपुरती या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. २०२१ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की माणूस गरिबीपायी हात पसरतो, त्याला रस्त्यावरून हटवा असा हुकूम आम्ही देणार नाही. तरी मार्च २०२३ मध्ये जी-२० चे पाहुणे यायच्या वेळी आपल्या नागपुरात काय झालं? पोलिसांनी कलम १४४ लावून भीक मागायला बंदी केली. पाहुण्यांना गरिबी दिसू नये! गरिबी असली तर चालते, दिसायला नको.

आता हिमतीचं बोलू. घोळक्यात हात उचलायला हिंमत लागत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं ठेचून मारली. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. मोबाइलवर अफवा फिरत होती की पोरं पळवणारी टोळी आली आहे. मारणाऱ्यांना वाटलं असेल, आम्ही लेकरं वाचवतोय. म्हणून सांगतो, भीक मागणारं पोर दिसलं की 'टोळी, टोळी' म्हणून त्याच्या आईवर धावून जाऊ नका.

हिंमत कशी असते ते अमरावती जिल्ह्यात बघा. मतीन भोसले, फासेपारधी समाजातला माणूस, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. नोकरी सोडली. स्टेशनवर, रस्त्यावर भीक मागणारी आपल्या समाजाची पोरं गोळा केली आणि नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला शाळा काढली. नाव 'प्रश्नचिन्ह'. पोरांचे हात पसरणं थांबावं म्हणून त्यानं स्वतः लोकांपुढं झोळी पसरली. पुढं समृद्धी महामार्ग आला आणि शाळेचं वाचनालय, विहीर त्यात गेली. समृद्धी कुणाची, ते तुम्हीच ठरवा.

सगळ्यांना नोकरी सोडता येणार नाही. मलाही नाही. पण चार जणांना मिळून जे जमतं ते ऐका.

पोराला हात धरून ओढू नका. खाली बसा, नाव विचारा, आई-बाप कुठं ते विचारा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर, तो फिरवा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं भीक मागणारं पोर गुन्हेगार नाही, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल आहे. कुणीही जबाबदार नागरिक अशा पोराला बालकल्याण समितीपुढं नेऊ शकतो, आणि चोवीस तासांच्या आत न्यायचं. पोराला भीक मागायला लावणाऱ्याला त्याच कायद्यात पाच वर्षांपर्यंत सजा आणि एक लाखाचा दंड आहे. हे कलम धंदा करणाऱ्या दलालावर लावायला भाग पाडा. उपाशी आईवर नको. आईला रेशनकार्ड आणि काम मिळवून द्या, नाहीतर शाळेत घातलेलं पोर आठवड्यात पुन्हा सिग्नलवर येईल.

आणि शाळा. हेडमास्तर म्हणतील, जन्माचा दाखला आणा. त्यांना शांतपणे सांगा, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्ये आलं तरी नाकारता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवावं लागतं. नाव हजेरीत चढेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. मोर्च्यात घोषणा द्यायला जेवढी हिंमत लागते, त्यापेक्षा या खुर्चीवर एकट्यानं बसायला जास्त लागते. म्हणून चौघं जा.

खापा मोठं शहर नाही. इथं माग चालले, आसपास मँगनीजच्या खाणी चालल्या. हातानं राबून खाणाऱ्यांचं हे गाव आहे. कन्हानच्या काठाला पाल पडलं तर दुसऱ्या दिवशी गावाला कळतं. म्हणजे 'आम्हाला माहीत नव्हतं' ही सबब इथं चालणार नाही. पालावर जा. किती पोरं सहा ते चौदा वर्षांची आहेत ती वहीत लिहा. जूनमध्ये ती वही घेऊन शाळेत जा.

पुढच्या वेळी मला बोलवाल तेव्हा कविता वाचीन. पण आधी वही दाखवा.

जय भीम.