चंचल मूल, वाढतें वजन आणि आईबाप

ज्या मुलाचें चित्त एका ठिकाणीं ठरत नाहीं, तें दिवसभर धांवपळ करीत असतें. तेव्हां असें मूल सडपातळच असावयाचें, अशी सर्वसामान्य समजूत आहे. ती बरोबर नाहीं. इ. स. २०१६ सालीं ४२ पाहण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत सात लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. अवधानदोष व अतिचंचलता असलेल्या मुलांत शेंकडा सुमारें १०, तर इतर मुलांत शेंकडा सुमारें ७ मुलें स्थूल आढळलीं.

भूक लागली आहे कीं नुसता कंटाळा आला आहे, हें ओळखण्यास क्षणभर थांबावें लागतें. आणि थांबणें हेंच तर अशा मुलास साधत नाहीं. समोर दिसलें तें तोंडांत जातें. शाळेंत तें आळशी ठरतें आणि घरीं अधाशी. अशा मुलास “खाऊं नकोस, लक्षांत ठेव” असें बजावणें म्हणजे, ज्याला फळ्यावरचें दिसत नाहीं त्याला चष्मा न देतां वाचावयास सांगण्यासारखें आहे. म्हणून नियम मुलाच्या डोक्यांत न ठेवतां घराच्या व्यवस्थेंत ठेवला पाहिजे. आणि ती व्यवस्था आईबापांच्या हातीं असते.

अमेरिकेंत लेनर्ड एप्स्टाइन यांनीं चौकांतील दिव्यांप्रमाणें अन्नाचे हिरवें, पिवळें व तांबडें असे वर्ग पाडून मुलांसह आईबापांसही शिकविण्याची पद्धति बसविली. इ. स. १९९० सालीं तिचें दहा वर्षांनंतरचें फल प्रसिद्ध झालें. आईबाप व मूल या दोघांनाहि ज्यांत शिकविलें होतें, त्या गटाची स्थिति तुलनेच्या गटाहून स्पष्टपणें चांगली होती. पुढें २०१७ सालीं सॅन डिएगो येथील प्रयोगांत, केवळ आईबापांस शिकविलें तरी मुलास तितकाच लाभ होतो, असें दिसून आलें. हे प्रयोग खास चंचल मुलांवर झालेले नव्हते. तथापि ज्याला स्वतःस आवरणें कठीण, त्याला घराचा आधार अधिकच हवा.

हा आधार साधा आहे. शेव, बिस्किटें व गोड पेयें यांचा घरांत सांठाच करूं नये. ताट वाढून आणावें. पातेलीं समोर मांडूं नयेत. जेवणाची व निजण्याची वेळ ठरलेली असावी, आणि जेवतांना मोबाइल दूर असावा. सूचना एका वेळीं एकच द्यावी. शाबासकी तत्काळ द्यावी, कारण महिनाअखेरच्या बक्षिसापर्यंत या मुलाचा धीर टिकत नाहीं. बक्षीस खाऊचें नसावें. वडिलांबरोबर चेंडूचा खेळ पुरे. नियम साऱ्या घरास लागू असावेत. बापानें भजीं खावीं आणि मुलानें काकडी, असें होतां कामा नये.

मूल मेथिलफेनिडेटसारखें औषध घेत असेल, तर दुपारीं भूक मंदावते आणि संध्याकाळीं ती एकदम उसळते. ती वेळ ओळखून सकस जेवण तयार ठेवावें. औषध कमीजास्त करणें हें मात्र डॉक्टरांचें काम. मुलास उपाशीं ठेवूं नये. उंची वाढत असतां वजन आहे तेथें राहिलें, तरी पुष्कळ मुलांच्या बाबतींत तें यशच होय.

श्रोतेहो, मुलाच्या देहाची थट्टा चारचौघांत न होऊं देणें, हाहि या उपचाराचाच भाग आहे. ज्या घरांत मुलाची लाज राखली जाते, त्या घराचा नियम तें मनापासून पाळतें.