लाल शाई आता यंत्रात



धानाची मळणी आटोपते न आटोपते तोच आरमोरीकरांनी या साहित्य संमेलनाचा मंडप उभा केला. त्यांचे उपकार मानतो आणि थेट मुद्द्यावर येतो. संमेलनाच्या अध्यक्षाला एकदाच बोलायला मिळतं, त्यामुळे जे बोलायचं ते मी आजच बोलणार आहे.

आयोजकांनी मला विषय सुचवला होता, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि साहित्यनिर्मिती. तो मी बाजूला ठेवला. कवीचं काय व्हायचं ते होईल. हे यंत्र कवीच्या आधी आपल्या शाळेतल्या पोराच्या हातात गेलं आहे, आणि मला त्या पोराबद्दल बोलायचं आहे.

मागच्या हिवाळ्यात सिंदेवाही तालुक्यातल्या एका शाळेत मला बोलावलं होतं. वर्ग नववीच्या मुलांनी 'माझ्या परिसरातील जंगल' या विषयावर निबंध लिहिले होते. सरांनी वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. पहिली वही उघडली : वने ही निसर्गाने मानवाला दिलेली अमूल्य देणगी आहे. दुसरी उघडली, तेच. तिसरीत 'अमूल्य'च्या जागी 'अनमोल'. पुढे प्राणवायू, पाऊस, जमिनीची धूप, जैवविविधता, शेवटी झाडे लावा झाडे जगवा. वाघ होता, पण तो अन्नसाखळीच्या सर्वोच्च स्थानी होता. ज्या भागात दर उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेलेलं माणूस परत येईपर्यंत घरच्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, त्या भागातल्या पोरांच्या वहीतला हा वाघ!

सर म्हणाले, मोबाईलला विचारतात आणि उतरवून आणतात. गाईडातूनही पोरं उतरवायचीच, हे मला ठाऊक आहे. पण गाईडाची चोरी मास्तरांच्या लक्षात यायची. इथे प्रत्येकाला दोन शब्द इकडचे तिकडे करून नवा निबंध मिळतो, आणि तो मुलाला स्वतःचाच वाटतो.

त्या वर्गातल्या एका मुलीला मी जवळ बसवून विचारलं, तू मोहाला जातेस का? मग ती बोलायला लागली. झाडाखालचा पाचोळा आदल्या दिवशीच झाडून ठेवायचा, म्हणजे फूल स्वच्छ पडतं. पहाटे आजी पुढे, काकू मागे, एकटं कोणी निघायचं नाही. सगळ्यांनी एकदम वाकायचं नाही; एकाने उभं राहून चहूकडे पाहायचं, कारण वाकलेल्या माणसावर वाघ येतो. माकडं ओरडली की टोपली तिथेच टाकून एका जागी गोळा व्हायचं. तिच्या आजीने तिला शिकवलेलं हे शास्त्र होतं, जीव वाचवणारं. मी विचारलं, हे का नाही लिहिलंस? ती म्हणाली, "सर, ते काई परीक्षेत लिवाचा रायते का जी?"

मंडळी, मी आज जे काही बोलतो आहे ते या एका प्रश्नावर बोलतो आहे. आपलं जगणं लिहायचं नसतं, हे त्या मुलीला कोणी शिकवलं? यंत्राने नाही. यंत्र काल आलं. चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं ते ३० नोव्हेंबर २०२२ला. त्याच्या कितीतरी आधी ते तिच्या आईला शिकवलं होतं, आणि मलाही.

मी चौथीत असताना धानाच्या लावणीवर 'आमची रोवणी' असा पानभर मजकूर लिहिला होता. बांधीतला चिखल, पऱ्ह्यांच्या पेंढ्या, बायांची गाणी. मास्तरांनी लाल शाईने आमच्या झाडीबोलीतल्या एकेका शब्दाला गोल केला. पान रक्ताळल्यासारखं दिसत होतं. घरी आल्यावर बापाने वही पाहिली. त्याला वाचता येत नव्हतं. लाल रंग पाहून तो हरखला, गुरुजींनी पोराचं एवढं मनावर घेतलं म्हणून त्याने संध्याकाळी त्यांच्या घरी भाजी पोचवली. त्यानंतर मी बरीच वर्षं रोवणीवर ओळ लिहिली नाही.

त्या लाल शाईने चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांचं जेवढं नुकसान केलं तेवढं दुष्काळाने केलं नाही आणि मलेरियानेही केलं नाही, असं मी या व्यासपीठावरून जबाबदारीने सांगतो. पोरगं शाळा सोडतं तेव्हा आपण गरिबीला बोल लावतो. मी म्हणतो, गरिबी दुसरी; पहिली लाल शाई. आणि ती शाळेच्या फाटकाशी थांबली नाही. चंद्रपुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरलं, १९७९ला वामन कृष्ण चोरघडे अध्यक्ष होते, २०१२ला वसंत आबाजी डहाके. गडचिरोलीच्या वाट्याला ते अजून एकदाही आलेलं नाही. जिल्हा होऊन किती वर्षं झाली? २६ ऑगस्ट १९८२चा जिल्हा आहे हा! मी एका मोठ्या संमेलनात बोलींच्या परिसंवादाला गेलो होतो. जेवणाच्या वेळेला, आडबाजूच्या मंडपात, ध्वनिक्षेपक अर्धा बंद. माझ्यापुढे खुर्च्या आवरणारी पोरं तेवढी होती. ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

आता या यंत्राकडे या. ते करतं काय? जगात जे जे लिहून, छापून, संगणकावर चढवून ठेवलं आहे त्यातलं बरंचसं त्याला पाजलेलं असतं. एका शब्दामागून बहुतेक वेळा कोणता शब्द येतो, याचा हिशेब ते मांडत जातं आणि त्या हिशेबाने वाक्य रचतं. जे हजारदा छापलं गेलं ते त्याला पाठ असतं. जे एकदाही छापलं गेलं नाही ते त्याच्या लेखी घडलेलंच नसतं. म्हणजे माझ्या मास्तरांनी जे जे गोल करून खोडलं, ज्या ज्या संपादकांनी 'बोलीचा अतिरेक' म्हणून परत पाठवलं, ते त्याच्या पोटात गेलंच नाही. लाल शाई आता यंत्रात भरलेली आहे. पूर्वी मास्तर लिहिल्यावर खोडायचे. आता मूल लिहिण्याच्या आधीच खोडलं जातं.

आणि आपल्यातलेच काही लोक या लाल शाईला दौत पुरवतात. गेल्या वर्षी एका स्मरणिकेसाठी कवींनी झाडीबोलीतल्या कविता पाठवल्या. संपादन करणाऱ्या महाशयांनी त्या यंत्रातून 'शुद्ध' करून छापल्या, कवींना न विचारता. झाडीबोलीचे तारणहार म्हणून हेच लोक सत्कार घेत हिंडतात. नाव मी घेणार नाही. या मंडपातल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घालून झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला, गावोगावी हिंडून, म्हाताऱ्यांच्या बाजेशी बसून. त्या कामाच्या सावलीत वाढलेल्या माणसांनी हे करावं?

यंत्रामुळे शिकण्याचं काय होतं याचाही पुरावा आता आहे. तुर्कस्तानातल्या एका शाळेत जवळपास हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला. २०२५मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात तो छापून आला. यंत्र हाताशी असताना मुलांचा सराव ४८ टक्क्यांनी सुधारला. यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुलं यंत्र न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. मात्र ज्या गटाच्या यंत्राला उत्तर न देता फक्त इशारा द्यायला बांधून ठेवलं होतं, तिथे हे नुकसान जवळजवळ झालं नाही. म्हणजे लगाम कोणाच्या हातात, हा प्रश्न आहे. आणि लगाम मास्तरांच्या हातात हवा असेल तर आधी शाळेत मास्तर हवा. २०२४चा 'असर' अहवाल म्हणतो की ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. फोन पोचला. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरीला एसटी पोचली ती १ जानेवारी २०२५ला, स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी.

गोंडी-माडिया या बोलींचं तर आणखी वाईट आहे. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून जास्त. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. सप्टेंबर २०२५मध्ये केंद्रीय आदिवासी मंत्रालयाने 'आदि वाणी' नावाचं भाषांतराचं यंत्र सुरू केलं. मी आनंदाने पाहायला गेलो. पहिल्या टप्प्यात संथाली ओडिशाची, भिली मध्य प्रदेशाची, मुंडारी झारखंडची आणि गोंडी छत्तीसगडची. करणाऱ्यांना मी दोष देत नाही. छत्तीसगडची माणसं कामाला बसली, त्यांची बोली आत गेली. आपल्या राज्याची आदिवासी संशोधन संस्था पुण्यात आहे. भामरागडच्या पोराने माडियात विचारलं तर यंत्राने त्याला काय सांगायचं? धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तिला शिक्षण खात्याने अनधिकृत ठरवलं. शाळा अनधिकृत, बोली अनुसूचीबाहेर, आणि वर आम्हालाच विचारतात की तुमचं लिखित साहित्य कुठे आहे!

लिखित साहित्य कुठे आहे, ते मी सांगतो. ते वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांच्या पेट्यांमध्ये आहे. विषयांतर होतंय असं कोणाला वाटलं तर वाटू द्या, हे मला बोलायचंच आहे. दिवाळी झाली की झाडीपट्टीच्या कंपन्या निघतात, होळीपर्यंत रात्र-रात्र नाटक चालतं, गावात पाहुण्यांना जागा पुरत नाही. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे प्रयोग ५,००० आणि भूमिका ८०० सांगतात. त्या ८०० भूमिका ज्या नाटकांत होत्या त्यांतली किती छापली गेली? प्रॉम्प्टरची वही मी हातात घेऊन पाहिली आहे. जाड पुठ्ठा, कडा तेलकट, पेट्रोमॅक्सखाली धरून धरून पानं पिवळी झालेली. मधेच पेन्सिलीने खुणा : इथे टाळी येते, इथे थांब. नटाने ऐनवेळी केलेली भर समासात उतरवून घेतलेली. त्या वहीत आपल्या बोलीचे संवाद जिवंत आहेत, भांडणातले, लग्नातले, मरणाच्या दारातले. आणि ती वही वाळवी खाते आहे. दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांची तर वहीसुद्धा नाही. ती म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहेत, आणि दर पावसाळ्यात त्यातला एखादा गळा कमी होतो. यंत्राला पाजायला आमच्याकडे काही नाही असं कोणी म्हणू नये. आमच्याकडे भरपूर आहे. उतरवून घ्यायला माणूस आणि पैसा नाही.

म्हणून यंत्र फोडा, असं मी म्हणत नाही. वह्यांचे फोटो काढायला, आवाज साठवायला मला ते हवंच आहे. पण मालक कोण, ते आधी ठरलं पाहिजे. हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. तेंदूपत्ता आपण तोडायचो, भाव ठेकेदार ठरवायचा. २००६चा वनहक्क कायदा आला. २००९ला मेंढा-लेखा गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. केंद्रीय मंत्री जयराम रमेश २७ एप्रिल २०११ला गावात आले तेव्हा तो ग्रामसभेच्या हाती पडला. हे सगळं गावच्या देवाजी तोफांनी आणि गावाने कशाच्या बळावर केलं? अभ्यास गटाच्या. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा सोबती घेऊन वर्षानुवर्षं बसले, कलम वाचलं, भांडले, पटेपर्यंत निर्णय घेतला नाही. शिक्षण याला म्हणतात. उत्तर चटकन मिळालं असतं तर त्या गावाला कायदा पाठ झाला असता. तो राबवण्याची ताकद आली नसती.

उद्या कोणीतरी कंपनीवाला गावात येईल. आजीपुढे मोबाईल धरेल, गाणी भरून घेईल, मोहाचं शास्त्र भरून घेईल, हातावर दोनशे रुपये ठेवेल आणि जाईल. तेच ज्ञान पुढे आपल्याच पोरांना वर्गणी भरून विकत मिळेल. मोहफूल ग्रामसभेचं, तेंदू ग्रामसभेचा, बांबू ग्रामसभेचा. मग आजीचा आवाजही ग्रामसभेचाच. विचारल्याशिवाय उचलायचा नाही, आणि उचललात तर हिशेब द्यायचा.

सरकारलाही सांगून ठेवतो. २०२२मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली, राज्यात १४ हजारांहून जास्त निघाल्या. पुढच्याच वर्षी लहान शाळा एकत्र करायची, समूह शाळेची टूम निघाली. आता कानावर येतं की एकशिक्षकी शाळेला टॅबलेट दिला की भागेल. जंगलातल्या पाड्यावर पट कमीच असणार. त्या पाड्यातल्या आठ पोरांना माणूस मास्तर हवा, त्यांच्या बोलीत ऐकून घेणारा. हेमलकशाला १९७६मध्ये आश्रमशाळा सुरू झाली, पण त्यासाठी आमटे कुटुंबाला माडिया शिकावीच लागली. त्याला आडवाट नव्हती, आणि आजही नाही.

उद्या सकाळच्या खुल्या अधिवेशनात मी अध्यक्ष म्हणून ठराव मांडणार आहे. झाडीपट्टीच्या नाट्यवह्या आणि गोंडी-माडियाची मौखिक सामग्री गोंडवाना विद्यापीठाने जतन करावी, त्यासाठी राज्याने वेगळा निधी द्यावा. ध्वनिमुद्रणाची मालकी ग्रामसभेची राहावी. पट कमी म्हणून, किंवा टॅबलेट दिला म्हणून, या दोन जिल्ह्यांतली एकही शाळा बंद होऊ नये. आणि भाषेच्या तोंडी परीक्षेत मुलाला त्याच्या बोलीत, त्याच्या गावाबद्दल बोलू द्यावं आणि त्याचे पूर्ण गुण द्यावेत. काल विषय नियामक समितीत दोघांनी सुचवलं, ठरावाची भाषा जरा शुद्ध करून घेऊ. मी नाही म्हटलं. ठराव झाडीबोलीत लिहिलेला आहे, तो तसाच वाचला जाईल आणि तसाच मंत्रालयात जाईल. सिंदेवाहीची ती मुलगी आजीला घेऊन सकाळच्या गाडीने येते आहे. अनुमोदन तिचं आहे. सगळ्यांनी नऊच्या आत मंडपात हजर राहावं.