आंतरराष्ट्रीय संबंध : पदवीसाठी एक दुर्लक्षित विषय

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





बारावीनंतर काय, हा प्रश्न निघाला की आपल्या समाजात उत्तरे ठरलेली असतात. मुलगा हुशार असेल तर डॉक्टर किंवा इंजिनिअर, बेताचा असेल तर आय.टी.आय. करून आखात किंवा जहाज. कला शाखेला जाणारा म्हणजे ज्याला दुसरीकडे कोठे प्रवेश मिळाला नाही तो, अशी आपली समजूत आहे. मी स्वतः त्याच शाखेचा असल्यामुळे ही समजूत मला चांगली परिचयाची आहे. आज त्याच शाखेतील एका विषयाबद्दल बोलावे असे मी ठरविले आहे. तो विषय म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध आणि सुरक्षा.

नाव ऐकून हा दिल्लीच्या बंगल्यांतील लोकांचा विषय वाटतो. वास्तविक तो आपल्या घरात केव्हाच शिरलेला आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केले, तेव्हा आपल्या किनारपट्टीवरील गावांत काय काळजी पसरली होती, ते येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको. अडकलेली माणसे बगदादमार्गे जॉर्डनच्या अम्मान शहरापर्यंत पोहोचली आणि तेथून प्रामुख्याने एअर इंडियाच्या विमानांनी सुमारे १ लाख ७० हजार भारतीय मायदेशी आले. विमाने आली, माणसे बसली, एवढेच आपण पाहिले. पण विमान येण्यापूर्वी काय काय घडावे लागते? त्या वेळचे परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना भेटले. त्या भेटीवर टीकाही पुष्कळ झाली. आक्रमणाचा भारताने स्पष्ट शब्दांत निषेध करावयास हवा होता, असे टीकाकारांचे म्हणणे. उलट, निषेध करून आपली माणसे बाहेर कशी काढणार होता, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. यात कोण बरोबर? पदवीच्या वर्गात हा प्रश्न दहा-पंधरा गुणांसाठी विचारला जाऊ शकतो. आपल्या घरांत मात्र तो कोणाचा तरी बाप परत येण्याचा प्रश्न होता.

होर्मुझची सामुद्रधुनी नकाशावर काढून दाखवा, असे मी दहावीच्या वर्गात सांगितले, तर थोडीच मुले बोट ठेवतात. अरुंद जागी ती चाळीस किलोमीटरही रुंद नाही. एप्रिल २०२४ मध्ये तिच्याजवळच इराणने एक मालवाहू जहाज ताब्यात घेतले आणि त्यावर १७ भारतीय खलाशी होते. ज्या मुलांचे वडील, मामा, चुलते त्याच पाण्यातून ये-जा करतात, त्यांना ती जागा ठाऊक नसावी, याचे मला वाईट वाटते.

आता, या विषयात शिकवितात काय? विद्यापीठातील विषय म्हणून तो तसा तरुण. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे त्याचे पहिले अध्यासन निघाले. विचार मात्र जुना आहे. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले, त्यात टोपीकर व्यापाऱ्यांना वखारीसाठी समुद्रालगत जागा देऊ नये, असा सल्ला आहे. आज परकी बंदरांच्या करारांवर जी चर्चा होते, ती याहून फार निराळी नाही.

विद्यार्थ्याला आरंभीच भेटणारी एक कल्पना म्हणजे सुरक्षेचा पेच. जॉन हर्त्स या अभ्यासकाने १९५० मध्ये ती मांडली. शेजाऱ्याने कुंपण उंच केले, तर तो चोराला भितो की आपल्याशी वैर धरतो, हे आपल्याला कळत नाही, म्हणून आपणही भिंत चढवितो. मग तो काचा लावतो. दोघेही केवळ बचाव करीत असतात आणि दोघेही पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित होतात. मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला चाचण्या केल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पाकिस्तानने चगाईला केल्या. परंतु याच दोन देशांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला ते अशा केंद्रांची यादी एकमेकांना देऊ लागले. १९९९ साली कारगिलची लढाई झाली, तरी २००० च्या जानेवारीत यादी गेलीच. २०२५ मध्ये ती चौतिसाव्यांदा गेली. उलट १९६० चा सिंधू पाणीवाटप करार तीन लढायांतून तगला आणि पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित केला. एक करार टिकतो आणि दुसरा थांबतो, असे का? केवळ घोषणा देणाऱ्याला याचे उत्तर देता येत नाही.

आणि घोषणांचा विषय निघालाच आहे, तर थोडे स्पष्ट बोलतो. पॅलेस्टाईनचे नाव निघाले की आपल्या मुलांचे डोळे पाणावतात, आवाज चढतो. ते स्वाभाविक आहे. पण त्यांनी त्याविषयी काय वाचले आहे, असे विचारले, तर हातातला मोबाईल पुढे येतो. २२ नोव्हेंबर १९६७ चा सुरक्षा समितीचा ठराव क्रमांक २४२ घ्या. नुकत्याच झालेल्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायलने माघार घ्यावी, असे त्यात आहे. इंग्रजी मसुद्यात ‘टेरिटरीज’ या शब्दामागे ‘द’ हे उपपद नाही. फ्रेंच मसुद्यात मात्र उपपद आहे. तेवढ्यावरून वाद. एक बाजू म्हणते, सर्व प्रदेशांतून. दुसरी म्हणते, काही प्रदेशांतून. अर्धे शतक उलटले, तरी हा वाद मिटलेला नाही. गंमत अशी, की मराठीत किंवा उर्दूत हा ठराव उतरविला, तर वाद दिसतच नाही, कारण आपल्या या भाषांत असे उपपदच नाही. ज्याला या प्रश्नाची खरी तळमळ आहे, त्याने तो ठराव मुळातून वाचावा, इस्रायलची बाजू काय म्हणते तेही वाचावे आणि मग बोलावे. आवाज चढविणाऱ्यापेक्षा कागद वाचलेल्या माणसाचे म्हणणे सभेत अधिक ऐकले जाते.

सुरक्षा म्हणजे केवळ तोफा आणि सरहद्द, असेही आता कोणी मानीत नाही. महबूब उल हक या पाकिस्तानी अर्थशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९९४ चा संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास अहवाल निघाला. त्यात अन्न, आरोग्य, रोजगार, पर्यावरण यांनाही सुरक्षेत धरले आहे. समुद्र घरात शिरू लागलेल्या गावाला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

काही पालकांनी मला खाजगीत विचारले, की आपल्या मुलाने ‘सुरक्षा’ हा विषय घेतला तर लोक काय म्हणतील? ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण अलीगढला राज्यशास्त्र शिकलेले हमीद अन्सारी १९६१ साली परराष्ट्र सेवेत आले, इराण, सौदी अरेबिया आदी देशांत भारताचे राजदूत झाले, संयुक्त राष्ट्रांत भारताचे स्थायी प्रतिनिधी होते आणि पुढे दहा वर्षे उपराष्ट्रपती होते. भीतीने आपण दार लावून घेतले, तर आत जाणारा कोणीच उरणार नाही. आणि अन्सारी हे मोठ्या घरचे, असे कोणी म्हणेल, म्हणून सांगतो : ज्ञानेश्वर मुळे हे कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुल लाट या खेड्यातून परराष्ट्र सेवेत गेले. ‘माती, पंख आणि आकाश’ हे त्यांचे पुस्तक मुलांनी अवश्य मिळवावे.

मात्र पदवी हाती पडली की नोकरी दारात उभी, असे मी सांगणार नाही. परराष्ट्र सेवेत जागा मोजक्याच असतात, तेथे जाण्यासाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते आणि ती कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुली आहे. या विषयाचा लाभ इतकाच, की त्या परीक्षेत तो मोठ्या प्रमाणावर येतो. त्याखेरीज वृत्तपत्रे, भाषांतर, अध्यापन, जहाज व विमा कंपन्या आहेत. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नेली. तो निर्णय घेताना कोणीतरी धोक्याचा अंदाज बांधलेला असतो. घरची ओढगस्त असलेल्या मुलाने सोबत एखादे उपजीविकेचे कौशल्य धरावे, हे माझे प्रामाणिक मत आहे.

शिक्षणाची सोय दूर नाही. आपल्याकडे बी.ए.ला राज्यशास्त्र घेतले की आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पेपर असतात. पुणे विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत संरक्षण व सामरिक शास्त्र हा विषय मिळतो. कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठात पदवीलाच हा स्वतंत्र विषय आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पदवीला अरबी, फारसी, चिनी, रशियन अशा भाषा शिकता येतात. मदरशात आपली मुले अरबी लिपी वाचायला शिकतात, हे भांडवल थोडे नाही; पण अरबी वृत्तपत्राचा अग्रलेख समजणे ही वेगळी गोष्ट असून तिला काही वर्षांची मेहनत लागते. मुलींनी तर या भाषांचा विचार जरूर करावा. माझ्या अनुभवात वर्गात नेटाने वाचणाऱ्या त्याच अधिक आहेत.

प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयात कोणते विषय खरोखर शिकविले जातात आणि शिक्षक आहेत की नाहीत, हे पालकांनी स्वतः जाऊन विचारावे. माहितीपत्रकात छापलेला प्रत्येक विषय वर्गात चालू असतोच असे नाही. ज्यांना अधिक विचारावयाचे असेल, त्यांच्यासाठी कार्यक्रमानंतर मी वाचनालयात नकाशावही घेऊन बसणार आहे.