बालशिक्षिकेचे व्रत आणि वेतन

आजच्या वर्धापनदिनी मी आपले लक्ष एका प्रश्नाकडे वेधू इच्छितो. तीन ते सहा वर्षांच्या बालकांना शिकविण्याचे कार्य अनेक तरुण मुली आवडीने पत्करतात आणि त्यांपैकी कित्येकजणी थोड्याच काळात ते सोडून जातात. असे का व्हावे?

हे कार्य हलके आहे, असे कोणी म्हणू नये. गिजुभाई बधेका वकिली सोडून या क्षेत्रात आले व १९२० साली त्यांनी भावनगर येथे बालमंदिर उघडले. ताराबाई मोडक राजकोटचे मानाचे पद सोडून त्यांना जाऊन मिळाल्या. पुढे १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी, जी मुले शाळेपर्यंत येत नव्हती त्यांच्या अंगणातच शाळा नेली.

आजही पुष्कळ मुली मुलांच्या ओढीनेच येतात. काहींना मात्र घरची मंडळी सांगतात, ‘काम अर्ध्या दिवसाचे, संसार सांभाळून होईल.’ काहींना अन्यत्र प्रवेश मिळालेला नसतो. या दुसऱ्या प्रकारच्या मुली निघून गेल्या तर नवल नाही. परंतु ओढीने आलेल्याही जातात, हे चिंताजनक होय.

पहिले कारण अर्थातच पैशाचे. १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाडी योजनेत सेविकेकडे शिक्षणाबरोबर पोषण, वजनाच्या नोंदी व लसीकरणास साहाय्य ही कामेही आली. तरी तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन! २०१८ साली केंद्राने ते दरमहा ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये केले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरविण्यास २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय लागला.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने हमी दिली ती सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना. त्यापूर्वीची वर्षे २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने शिक्षणाच्या रचनेत घेतली खरी, पण समाजाच्या मनात बालशिक्षिका अद्यापि मुले सांभाळणारी बाईच आहे.

तिसरे कारण आपण पालकच होय. खेळ, गाणी, गोष्टी, माती हाच बालकाचा अभ्यास, असे शिकून ती वर्गात येते. आणि आपण तीन वर्षांच्या मुलाची वही अक्षरांनी भरलेली मागतो. शिकलेले सारे बाजूस ठेवावे लागले की तिचे मन उडते.

भाविकहो, आपण तिच्या कार्यास ‘सेवा’ म्हणतो, ‘व्रत’ म्हणतो. शब्द पवित्र आहेत. परंतु व्रत ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. ते दुसऱ्यावर लादता येत नाही. गिजुभाई, ताराबाई यांनी ते स्वेच्छेने घेतले. त्यांची थोरवी सांगून आजच्या मुलीचे वेतन कापणे, हा त्यांचा सन्मान नव्हे.

म्हणून माझी विनंती इतकीच. आपल्यापैकी जे बालवाडी चालवितात त्यांनी शिक्षिकेस पोट भरेल असे वेतन द्यावे. जे पालक आहेत त्यांनी वहीपेक्षा मुलाचा चेहरा पाहावा. आणि घरातील कन्या ‘मी बालवाडीत शिकवीन’ म्हणाली, तर ‘याहून चांगले काही मिळाले नाही काय?’ असे तिला विचारू नये.