सूनबाई ओ का देत नाही?

आपल्या तेरखेड्यात कुणाला कमी ऐकू आलं की बोट फटाक्यांकडेच जातं. मोठ्या आवाजानं कान जातात, हे खरंच. पण सकाळी उठल्यावर अचानक एका कानाला दडा बसला, शिट्टी वाजू लागली, गरगरलं, तर कारण दुसरंही असू शकतं. त्यातलं एक क्वचित सापडणारं कारण म्हणजे रक्ताचा सावकाश वाढणारा कर्करोग. डॉक्टर त्याला सीएमएल म्हणतात.

एका घन मिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण 4 ते 11 हजार असतात. या आजारात त्या लाखाच्याही वर जाऊ शकतात. पिठलं आटलं की पळीला जड लागतं ना, तसं रक्त दाट होतं. आतल्या कानाला रक्त पुरवणारी नस बारीक, आणि एकच. ती तुंबली की दुसरी वाट नाही.

लगेच घाबरू नका. अचानक कान गेलेल्या बहुतेकांना हा आजार नसतो. पण कानात तेल सोडून आठवडा घालवू नका. दोन-तीन दिवसांच्या आत कानाच्या डॉक्टरांकडे जा, उशीर झाला की ऐकू परत येणं अवघड होतं. सोबत थकवा, वजन घटणं, रात्री घाम, डाव्या बरगडीखाली जडपणा असेल तर तेही सांगा. सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी करून घ्यायची का, असं आपणहून विचारा.

सीएमएल निघालाच, तरी आता त्यावर रोज घ्यायची गोळी आहे, इमॅटिनिब. ती 2001 साली आली, तेव्हा फार महाग होती. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला पेटंट नाकारलं, त्यामुळे आपल्याकडे स्वस्त गोळ्या मिळत राहिल्या. कर्करोगाचं रुग्णालय आपल्या शेजारी बार्शीतच आहे. बरं वाटलं म्हणून गोळी मनानं सोडायची नाही. दिवस राहावेत असं वाटत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलायचं.

आजार आटोक्यात आला तरी कान परत येईलच असं नाही. अशा बाईशी चांगल्या कानाच्या बाजूनं, समोर येऊन बोला. चुलीपाशी पाठमोरी बसलेली सून हाकेला ओ देत नसेल, तर तिला ताठा आलाय म्हणण्याआधी एकदा जवळ जाऊन विचारा, "बाई, ऐकू येतंय का गं?"