माहेरवाशीण मासा

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात दर्गाह-ए-हकीमीच्या जियारतीसाठी गुजरातेतून भाविक येतात. शहराच्या शाही किल्ल्याच्या पायथ्याशी वाहणारी ताप्ती मात्र उलट दिशेने गुजरातेत जाते आणि सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. त्याच समुद्रात, सौराष्ट्राच्या वेरावळ किनाऱ्यालगत, दरवर्षी एक अतिकाय जलचर येतो. त्याचे नाव व्हेल शार्क. नावात देवमासा असला, तरी त्याचे कूळ मुशीचे. आणि पृथ्वीवरील सर्व माशांत हाच मोठा. १२ मीटर लांबीचे व्हेल शार्क आढळलेले आहेत.

इतका प्रचंड देह, पण स्वभाव सौम्य! त्याचे दात अगदी बारीक असून माणूस हे त्याचे भक्ष्य नव्हे. विशाल मुख उघडून पाणी आत घ्यावे आणि कल्ल्यांवाटे गाळून सूक्ष्म जीव व लहान मासे तेवढे ठेवावेत, हाच त्याचा भोजनविधी. म्हणूनच ऑस्ट्रेलियातील निंगालू येथे माणसे त्याच्या शेजारी पोहू शकतात. निळ्या पाण्यातून प्रथम पांढरे ठिपके उमटतात, मग एक सजीव भिंत संथपणे सरकत जाते. ठिपक्यांची ती नक्षी बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येकाची निराळी असते. स्पर्श करावयाचा नाही आणि शेपटीपासून दूर राहावयाचे, एवढे पथ्य पाळावे लागते.

सौराष्ट्रात मात्र या माशाच्या वाट्यास गळ आणि भाला आला होता. त्याच्या यकृताचे तेल होड्यांना लावीत, मांस परदेशी जाई. माइक पांडे यांच्या २००० सालच्या चित्रपटाने ही हत्या जगापुढे आणली आणि २००१ साली कायद्याने शिकार बंद झाली. तथापि जाळ्यात अडकलेला मासा कायद्याच्या कलमाने सुटत नाही. जाळेच कापावे लागते, आणि जाळे म्हणजे कोळ्याची भाकरी. २००४ पासूनच्या मोहिमेत मोरारी बापूंनी या माशास बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली. तो ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, झाला. वनखाते कापलेल्या जाळ्याची भरपाई देऊ लागले, आणि शेकडो व्हेल शार्क मुक्त झाले.

निंगालूचा प्रवासी पैसे मोजून त्या अतिकाय देहाजवळ जातो. सौराष्ट्राचा कोळी आपलेच जाळे कापून त्याला वाट देतो. लेक माहेराहून सुखरूप परतली, याहून मोठे समाधान घरच्यांना कोणते?